अनुमापनात रीडिंग जुळत नाही : दोष नेमका कुठे शोधावा

उदासिनीकरणाचे अनुमापन (मोजून घेतलेल्या आम्लात आम्लारी थेंब थेंब सोडून, ते नेमके संपायला किती आम्लारी लागते ते पाहणे) करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला ही तक्रार कधी ना कधी येतेच: आम्ल तेच, आम्लारी तेच, पिपेट तेच, हातही तेच, तरी रीडिंग एकदा २४.६ मिली येते, एकदा २५.१ आणि तिसऱ्यांदा २४.८. त्याहून अवघड प्रकार असा, की तिन्ही रीडिंग एकमेकांशी तंतोतंत जुळतात आणि त्यांवरून काढलेली संहती (द्रावणाची ताकद) मात्र चुकीची निघते. अशा वेळी बहुतेक जण रंग ओळखण्यात आपली चूक झाली असे धरून चालतात आणि चौथे, पाचवे, सहावे अनुमापन करत राहतात. माझा अनुभव असा, की दोष डोळ्यांचा असतो त्याहून कितीतरी जास्त वेळा तो सोडियम हायड्रॉक्साइडच्या बाटलीचा असतो. मात्र बाटलीला हात लावण्याआधी एक काम करावे. चुकलेली रीडिंग खोडून न टाकता एकाखाली एक मांडावीत आणि ती कोणत्या तऱ्हेने चुकली आहेत ते पाहावे, कारण विखुरलेली रीडिंग, एकाच दिशेने सरकत जाणारी रीडिंग आणि जुळूनही चुकणारी रीडिंग यांची कारणे बहुधा वेगवेगळी असतात.

पुढे सगळीकडे एकच उदाहरण धरले आहे. शंकुपात्रात ०.०५ मोलर ऑक्झॅलिक आम्ल २५ मिली, ब्युरेटमध्ये (खाली स्टॉपकॉक म्हणजे तोटी असलेल्या, खुणांच्या उभ्या काचनळीत) ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड आणि दर्शक (आम्ल संपल्याचे रंगाने सांगणारा पदार्थ) म्हणून फिनॉल्फथॅलीन. ऑक्झॅलिक आम्लाच्या एका रेणूला सोडियम हायड्रॉक्साइडचे दोन रेणू लागतात, म्हणून सारे ठीक असेल तर रीडिंग २५.० मिली यायला हवे. जिथे हायड्रोक्लोरिक आम्ल घ्यावे लागेल तिथे तसे सांगितले आहे.

पहिले रीडिंग वेगळे आणि पुढची दोन सारखी

ही सर्वांत सोपी तऱ्हा आहे. पहिले रीडिंग २५.४ आणि पुढची दोन २५.० आली, तर ब्युरेटच्या टोकात, स्टॉपकॉकच्या खाली, हवेचा बुडबुडा अडकलेला होता आणि तो पहिल्या अनुमापनाच्या ओघात निघून गेला, असे खुशाल समजावे. त्याची जागा जेवढ्या द्रावणाने घेतली तेवढे द्रावण शंकुपात्रात पडलेच नाही, पण ब्युरेटच्या खुणांनी ते खर्ची टाकले. शून्याची खूण जुळवण्याआधी स्टॉपकॉक पूर्ण उघडून जोराची धार सोडावी आणि टोक उजेडासमोर धरून पाहावे. बुडबुडा हटत नसेल तर ब्युरेट थोडे तिरपे करून धार पुन्हा सोडावी.

बुडबुडा नसतानाही पहिले रीडिंग मोठे येत असेल, तर ब्युरेट पाण्याने धुऊन तसेच ओले भरले होते का, हे विचारावे. काचेला चिकटलेल्या पाण्याने आम्लारी विरल होते आणि त्याच आम्लाला ती जास्त लागते. ब्युरेट आणि पिपेट ही दोन्ही उपकरणे, त्यांत जे द्रावण भरायचे त्याच द्रावणाने, थोडे थोडे घेऊन दोनदा खंगाळावी लागतात. शंकुपात्राचे मात्र नेमके उलटे आहे. ते फक्त शुद्ध पाण्याने धुवावे आणि ओले राहिले तरी चालते, कारण त्यात पिपेटने मोजून टाकलेल्या आम्लाच्या रेणूंची संख्या पाण्यामुळे बदलत नाही. शंकुपात्र आम्लाने खंगाळण्याची ‘काळजी’ घेणारे विद्यार्थी मी अनेक पाहिले आहेत. भिंतींना चिकटलेले ते आम्ल पुढे हिशेबाबाहेर राहते आणि रीडिंग दर वेळी थोडे जास्त येते.

विखुरलेली रीडिंग

रीडिंगना काहीच दिशा नसेल, कधी कमी तर कधी जास्त, तर दोष हाताच्या सवयींत आहे. अंतिम बिंदूजवळ, म्हणजे दर्शकाचा रंग बदलतो त्या क्षणाजवळ, नेमके काय घडते हे एकदा आकड्यांत पाहिले, की हात आपोआप सावध होतो. २५ मिली ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड सोडत असताना ब्युरेट २४.९५ वर असते तेव्हा शंकुपात्रातल्या द्रावणाचा सामू (pH, द्रावण किती आम्ल वा आम्लारी आहे हे सांगणारा आकडा) ४ च्या आसपास असतो, आणि ब्युरेट २५.०५ वर पोचते तेव्हा तो १० च्या आसपास गेलेला असतो. ब्युरेटचा एक थेंब साधारण ०.०५ मिलीचा धरला, तर हे सारे अंतर केवळ दोन थेंबांचे आहे. म्हणून रंगाची झुळूक दिसून विरायला वेळ लागू लागला, की धार थांबवून एकेक थेंब सोडावा, आणि अगदी शेवटी थेंब टोकावर लोंबत असताना तो शंकुपात्राच्या काचेला टेकवून, वॉश बॉटलमधल्या पाण्याने खाली उतरवावा. अशा अर्ध्या थेंबाने रंग आला तर ते रीडिंग विश्वासाचे.

रंग कोणता यावा याविषयीही घोटाळा असतो. फिनॉल्फथॅलीनचा अंतिम बिंदू म्हणजे जेमतेम जाणवणारी गुलाबी छटा. गडद गुलाबी रंग आला तर बिंदू केव्हाच मागे पडलेला असतो. शंकुपात्राखाली पांढरा कागद किंवा पांढरी फरशी ठेवली म्हणजे छटा लवकर दिसते. ती छटा ढवळत असताना अर्धा मिनिट टिकली की थांबावे. त्यानंतर ती फिकी पडली तर आणखी थेंब टाकू नये, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड द्रावणात उतरत असतो आणि त्याचा पाठलाग करणाऱ्याचे अनुमापन कधीच संपत नाही. दर्शकाचे दोन-तीन थेंब पुरेत, आणि ते दर वेळी तितकेच असावेत. दर्शक स्वतःही एक सौम्य आम्ल आहे, आणि फिनॉल्फथॅलीन पाण्यात फारसे विरघळत नसल्यामुळे जास्त टाकले तर द्रावण गढूळ होते.

उरलेल्या सवयी चटकन उरकण्यासारख्या आहेत. नरसाळे ब्युरेटवर तसेच राहिले तर त्यातून उशिरा ओघळलेले थेंब ब्युरेटमधली पातळी वाढवतात आणि रीडिंग खऱ्यापेक्षा कमी येते. पिपेटच्या टोकात उरणारा शेवटचा थेंब फुंकून काढू नये, कारण नेहमीच्या पिपेटचे माप तो थेंब आत राहील असे धरूनच ठरवलेले असते. टोक शंकुपात्राच्या काचेला क्षणभर टेकवून बाजूला घ्यावे.

डोळ्याच्या उंचीचा दोष मात्र जरा निरखून पाहण्यासारखा आहे, कारण तो फसवा आहे. ब्युरेट उंच असते, शून्याची खूण बहुतेकांच्या डोळ्यांच्या वर राहते आणि खालून वर पाहत ती जुळवली जाते. खालून पाहताना नजरेची रेषा काचेला मेनिस्कसच्या (द्रावणाच्या वक्र पृष्ठभागाच्या) प्रत्यक्ष पातळीपेक्षा खाली छेदते, म्हणजे द्रावण शून्यावर दिसते तेव्हा ते प्रत्यक्षात शून्याच्या थोडे वर असते. शेवटचे रीडिंग मात्र २५ च्या खुणेवर, नेमके डोळ्यांसमोर, अचूक घेतले जाते. दोन्ही टोकांना सारखी चूक झाली असती तर वजाबाकीत ती कटली असती. इथे एकाच टोकाला चूक होते आणि प्रत्येक रीडिंग एखाद-दोन थेंबांनी कमी भरते. शून्य जुळवण्यासाठी ब्युरेट स्टँडवर खाली घ्यावे किंवा स्वतः वर व्हावे. नाहीतर शून्याचा आग्रहच सोडून १.० पासून सुरुवात करावी. ब्युरेट भरतानाही तेच: नरसाळे डोळ्यांच्या वर राहू नये आणि चष्मा डोळ्यांवर असावा, कारण सोडियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब डोळ्याला गंभीर इजा करू शकतो.

एकाच दिशेने सरकत जाणारी रीडिंग

इथून खरा प्रश्न सुरू होतो. माझ्याकडे एकदा सलग सहा दिवस हेच होत होते. ऑक्झॅलिक आम्लाचे तेच द्रावण, सोडियम हायड्रॉक्साइडची तीच बाटली, आणि रोज सकाळचे रीडिंग आदल्या दिवसापेक्षा एखाद-दोन थेंबांनी वाढलेले. आम्ही पिपेट बदलले, दर्शक नवा केला, दोघांनी वेगवेगळे अनुमापन करून पाहिले, वाढ तशीच. शेवटी लक्षात आले, की बाटलीचे झाकण नीट बसत नव्हते, त्याच्या आट्यांवर पांढरी पूड जमली होती आणि ती आम्ही रोज फडक्याने पुसून टाकत होतो. ती पूड कार्बोनेटची होती, आणि बाटलीच्या आतही तेच चालले होते.

सोडियम हायड्रॉक्साइड हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेते. त्याचे दोन रेणू कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूबरोबर मिळून सोडियम कार्बोनेटचा एक रेणू आणि पाणी देतात. कार्बोनेटही आम्लाचे उदासिनीकरण करते, मग बिघडते कुठे, असा प्रश्न इथे योग्यच आहे. बिघडते ते दर्शकापाशी. कार्बोनेट आम्लाशी दोन टप्प्यांत वागते: आधी त्याचे बायकार्बोनेट होते, नंतर बायकार्बोनेटचे कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. फिनॉल्फथॅलीनचा रंग साधारण ८.३ ते १० या सामूंच्या दरम्यान बदलतो, म्हणजे त्याच्या दृष्टीने गोष्ट पहिल्या टप्प्यावरच थांबते; मिथिल ऑरेंजचा रंग ३.१ ते ४.४ या दरम्यान बदलतो, तिथे दोन्ही टप्पे मोजले जातात. समजा, १०० भाग सोडियम हायड्रॉक्साइडपैकी २ भाग कार्बन डायऑक्साइडने खाल्ले. उरले ९८ भाग आणि तयार झाला कार्बोनेटचा १ भाग. मिथिल ऑरेंजच्या हिशेबी द्रावणाची ताकद ९८ अधिक २, म्हणजे पूर्वीइतकीच १०० राहते. फिनॉल्फथॅलीनच्या हिशेबी ती ९८ अधिक १, म्हणजे ९९ होते, आणि २५.०० मिलीच्या जागी २५.२५ मिली लागतात. पाच थेंबांचा फरक!

दोष ओळखण्याची युक्ती याच हिशेबात आहे. २५ मिली ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल दोनदा घ्यावे आणि संशयित सोडियम हायड्रॉक्साइडने एकदा फिनॉल्फथॅलीन व एकदा मिथिल ऑरेंज वापरून अनुमापन करावे. ही चाचणी ऑक्झॅलिक आम्लावर करू नये, कारण तिथे मिथिल ऑरेंज मुळातच अयोग्य आहे. दोन्ही रीडिंग एका थेंबाच्या आत जुळली तर बाटली निर्दोष. फिनॉल्फथॅलीनचे रीडिंग ठळकपणे जास्त आले तर कार्बोनेट आहे. गुलाबी रंग येऊन पुनःपुन्हा विरण्यामागेही बऱ्याचदा हाच कार्बोनेट असतो. शंकुपात्रातल्या आम्लात पडल्याबरोबर त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो, त्यातला काही द्रावणातच विरघळून राहतो आणि पाण्याशी व आम्लारीशी सावकाश क्रिया करत, आलेला रंग पुसत राहतो. कोणी जोरात आणि बराच वेळ ढवळतो, कोणी हलक्या हाताने. त्यानुसार वायू कमी-जास्त निसटतो आणि रीडिंग विखुरतात. म्हणजे वरवर हाताचा वाटणारा दोषही कधी कधी बाटलीतूनच आलेला असतो.

उपाय दोन आहेत. उत्तम उपाय म्हणजे कार्बोनेटमुक्त द्रावण करणे: सोडियम हायड्रॉक्साइडचे जवळजवळ समान वजनाच्या पाण्यात अतिशय संहत द्रावण करून ते प्लॅस्टिकच्या बंद बाटलीत काही दिवस स्थिर ठेवावे. इतक्या संहत द्रावणात सोडियम कार्बोनेट विरघळत नाही आणि तळाशी बसते. वरचे स्वच्छ द्रावण काळजीपूर्वक काढून, उकळून गार केलेल्या पाण्यात विरल करावे. हे करताना हातमोजे आणि चष्मा अनिवार्य आहेत, कारण मिश्रण फार तापते. ज्यांना एवढा खटाटोप शक्य नाही त्यांनी निदान हे पाळावे, की सोडियम हायड्रॉक्साइडचे प्रमाणीकरण (माहीत असलेल्या संहतीच्या आम्लाने त्याची खरी संहती ठरवणे) ज्या दर्शकाने केले त्याच दर्शकाने पुढचे अनुमापन करावे आणि दोन्ही कामे एकाच दिवशी उरकावीत. चूक दोन्हीकडे सारखी राहिली तर ती मोठ्या प्रमाणात कटते. प्रमाणीकरण फिनॉल्फथॅलीनने आणि प्रत्यक्ष काम मिथिल ऑरेंजने, ही जोडी मात्र हमखास फसवते.

पाण्यालाही अनेकदा उगाच दोष दिला जातो. हवेशी समतोल साधलेल्या शुद्ध पाण्याचा सामू ५.६ च्या जवळपास असतो हे खरे, पण १०० मिली अशा पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडला ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडचा पाव थेंबच लागतो. द्रावण ०.०१ मोलर असेल तर हीच रक्कम दोन थेंबांच्या पुढे जाते, आणि तिथे पाणी उकळून घेणे किंवा आम्ल न टाकता कोरे अनुमापन करून तेवढे रीडिंग वजा करणे आवश्यक ठरते.

सरकण्याचे आणखी एक कारण साधे आहे आणि म्हणूनच निसटते. व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये द्रावण खुणेपर्यंत भरले, पण उलटसुलट करून नीट मिसळले नाही. वरचा थर विरल, तळाचा संहत. पिपेट वरून खाली जात राहते तसे रीडिंग वाढत जाते. बूच घट्ट धरून फ्लास्क दहा-पंधरा वेळा पूर्ण उलटा केला आणि पुढचे रीडिंग एकदम स्थिरावले, तर दुसरे काही शोधायला नको.

रीडिंग जुळतात, पण उत्तर चुकते

उत्तर बरोबर निम्मे किंवा बरोबर दुप्पट आले असेल तर ब्युरेटकडे जाऊच नये. दोष कागदावर आहे. ऑक्झॅलिक किंवा सल्फ्युरिक आम्लाच्या एका रेणूला सोडियम हायड्रॉक्साइडचे दोन रेणू लागतात, हा २ चा गुणक सूत्रात विसरला गेला आहे किंवा दोनदा घेतला गेला आहे.

रीडिंग २५ च्या जागी १७.९ च्या आसपास येत असेल तर ऑक्झॅलिक आम्लाचे वजन निर्जल रेणूच्या ९०.०३ या आकड्यावरून काढले आहे. बाटलीत स्फटिक असतात ते पाण्याचे दोन रेणू सोबत बाळगणारे, आणि त्यांचे मोलर वस्तुमान १२६.०७ आहे. २५० मिली ०.०५ मोलर द्रावणासाठी १.५७६ ग्रॅम लागतात, १.१२५ नव्हे. स्फटिक लवकर विरघळावेत म्हणून पाणी कोमट केले असेल तर खुणेपर्यंत भरण्याआधी ते गार होऊ द्यावे. ४५ अंशांवर भरलेले पाणी २५ अंशांवर सुमारे ०.७ टक्क्याने आकसते, आणि तेवढ्याने रीडिंग तीन थेंबांहून जास्त चढते. सोडियम हायड्रॉक्साइडच्या वजनावर तर भरवसाच ठेवू नये. त्याच्या गोळ्या तराजूच्या पारड्यातच ओल धरतात. लिटरला ४ ग्रॅम हा आकडा केवळ अंदाजासाठी आहे. खरी संहती प्रमाणीकरणातूनच ठरते.

याहून खोल चूक दर्शकाच्या निवडीत असते आणि तिच्या मुळाशी ‘उदासिनीकरण झाले म्हणजे सामू ७ झाला’ ही समजूत असते. १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेनसन यांनी सामूची मोजपट्टी मांडली, तेव्हापासून ७ या आकड्याला असे वलय आले आहे, की सममूल्य बिंदू (आम्ल आणि आम्लारी एकमेकांना नेमके पुरे पडतात तो क्षण) तिथेच असणार असे गृहीत धरले जाते. तीव्र आम्ल आणि तीव्र आम्लारी यांच्या बाबतीत ते २५ अंशांना खरे आहे, आणि तिथे सामूची उडीही एवढी मोठी असते, की ०.१ मोलर द्रावणांत फिनॉल्फथॅलीन घेतले काय आणि मिथिल ऑरेंज घेतले काय, फरक थेंबाच्या आत राहतो. पण ॲसिटिक आम्लाचे सोडियम हायड्रॉक्साइडने उदासिनीकरण केल्यावर तयार होणारा क्षार स्वतःच किंचित आम्लारिधर्मी असतो, आणि ०.१ मोलर द्रावणांसाठी सममूल्य बिंदू ८.७ च्या आसपास येतो. इथे चुकून मिथिल ऑरेंज टाकले तर काय दिसते? २५ मिली लागायला हवेत तिथे पहिल्या मिलीपासूनच रंग सावकाश बदलू लागतो आणि ८ मिलीच्या आत बदलून मोकळा होतो. अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांच्या जोडीत सममूल्य बिंदू ५.३ च्या जवळ असतो. तिथे फिनॉल्फथॅलीनचा गुलाबी रंग हळूहळू विरत २३ मिलीपर्यंत नाहीसा होतो. तिथे मिथिल रेड घ्यावे. रंग झटकन न बदलता रेंगाळत बदलत असेल, तर तो हाताचा दोष नसून दर्शक चुकल्याची खूण आहे, असे निःशंक समजावे. आम्ल आणि आम्लारी दोन्ही सौम्य असतील तर सामूची उडीच एवढी बुटकी असते, की कोणताही दर्शक चालत नाही आणि द्रावणाची विद्युतवाहकता मोजावी लागते. (सौम्य म्हणजे विरल नव्हे, हे जाता जाता सांगायला हवे: १ मोलर ॲसिटिक आम्लही सौम्यच आणि ०.००१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लही तीव्रच.)

एवढे सारे तपासूनही दुसऱ्या दिवशी रीडिंग बिघडलेले आढळले, तर आदल्या संध्याकाळी ब्युरेट कसे ठेवले होते ते विचारावे. सोडियम हायड्रॉक्साइड काचेला हळूहळू खाते. काचेच्या स्टॉपकॉकमध्ये ते रात्रभर राहिले तर स्टॉपकॉक घट्ट बसतो, आणि सकाळी जोर लावून फिरवल्यावर तो सैल होऊन थेंब थेंब गळू लागतो. ती गळती एका रीडिंगमध्ये दिसत नाही. भरलेले ब्युरेट दहा मिनिटे तसेच उभे ठेवून पातळी उतरते का ते पाहावे लागते. काम संपताच ब्युरेट रिकामे करावे, आधी साध्या पाण्याने, मग अगदी विरल हायड्रोक्लोरिक आम्लाने आणि शेवटी शुद्ध पाण्याने धुवावे, आणि स्टॉपकॉक उघडा ठेवून ते स्टँडवर उलटे लावावे.